नवऱ्याला गोल्फची ट्रिप गिफ्ट द्यायचीय? आधी टी टाइम, मग हॉटेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वरीच्या एक ताई आहेत, त्यांचे मिस्टर शिपवर चीफ इंजिनिअर होते, आता कायमचे घरी आलेत, डिसेंबरात साठ पूर्ण होतायत. गोल्फचं भारी वेड, चोर्ला घाट चढून बेळगावला खेळायला जातात, रात्री जागून टीव्हीवर टूर्नामेंट बघतात. ताईंना त्यांना पाच-सहा दिवसांची गोल्फ हॉलिडे सरप्राइज द्यायचीय, दोघांचं मिळून बजेट दीड-दोन लाख, स्वतः त्यांनी कधी क्लब (गोल्फची काठी) हातात धरलेला नाही. त्या विचारतायत की गोव्यातच एखाद्या मोठ्या रिसॉर्टात करू की बाहेर जाऊ, आणि बुक करताना काय काय बघू.

मी मडगावात ट्रॅव्हलचं काम करतो, गोल्फच्या ट्रिपा हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आणि स्वतःही खेळतो, त्यामुळे जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

ताई, पहिली गोष्ट, गोव्यात करू नका. गोवा वाईट म्हणून नाही, पण तुमचे मिस्टर गोव्यातच राहतात आणि इथे जे आहे ते त्यांनी एव्हाना खेळून संपवलेलं असणार. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यावर ललितमध्ये नऊ होलचं कोर्स आहे, तेच दोन वेगवेगळ्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा) दोनदा खेळून अठरा करतात. बाणावलीला ताज एक्झॉटिकामध्ये नऊ होलचं छोटं पिच अँड पट आहे, आणि मोबोरला जिथे पूर्वी लीला होतं आणि आता सेंट रेजिस आहे तिथलं कोर्स पार ३ चं (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागायला हवेत तेवढे शॉट), म्हणजे सगळे होल छोटे, ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, बॅगेतून बाहेर काढायची वेळच येत नाही. संध्याकाळी तासभर हात साफ करायला किंवा नवीन माणसाला शिकायला या जागा सुंदर आहेत, समुद्राचा वारा काय असतो ते तिथे कळतं. पण ज्याला गोल्फचं खरं वेड आहे त्याला हवं असतं पूर्ण अठरा होलचं, सगळे मिळून पार ७१-७२ चं कोर्स, जिथे पार ५ वर तीन शॉट विचार करून मारावे लागतात. मुंबई-पुण्याहून लोक फोन करतात की गोव्यात गोल्फ पॅकेज द्या, त्यांनाही मी हेच सांगतो की गोव्याला सुट्टीला जरूर या, जोडीला थोडं गोल्फ खेळा, पण फक्त गोल्फसाठी येणार असाल तर दुसरीकडे जा. तेरेखोलला मोठ्या कोर्सचा प्रकल्प आला होता, पण तो कूळजमिनीचा वाद आणि गावकऱ्यांचा विरोध यात अडकून कोर्टात गेला. गावातल्या लोकांचं पाण्याबद्दल आणि जमिनीबद्दल जे म्हणणं होतं ते गोल्फ खेळणारा माणूस असूनही मला पटतं.

आता मुख्य मुद्दा. गोल्फ न खेळणारी माणसं अशी ट्रिप बुक करताना आधी हॉटेल बघतात, पूल कसा आहे, ब्रेकफास्टमध्ये काय आहे, मग फ्लाइट, आणि सगळ्यात शेवटी "तिथे गोल्फ असेलच की". हे पूर्ण उलटं करायचं. आधी टी टाइम, म्हणजे अमुक कोर्सवर अमुक तारखेला अमुक वाजता खेळ सुरू करायची पक्की वेळ. ती हातात आली की मग विमान, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी, कोर्सपासून अर्ध्या तासाच्या आत. कारण सरळ आहे, हॉटेलं ढीगभर असतात पण शनिवार सकाळचे सात वाजता त्या कोर्सवर एकदाच वाजतात. मडगावच्याच एका कुटुंबाने एका मोठ्या शहरात "गोल्फ व्ह्यू" नावाची रूम घेतली, वडिलांना वाढदिवसाचं गिफ्ट, आणि तिथे गेल्यावर कळलं की शनिवार-रविवार सकाळी फक्त मेंबर आणि सोमवारी कोर्स बंद. वडील दोन दिवस खिडकीतून दुसऱ्यांना खेळताना बघत बसले, किट कव्हरमधून बाहेर निघालंच नाही. रूम मात्र झकास होती म्हणे.

त्यामुळे कोर्सला फोन करताना (ईमेलही करा, उत्तर लेखी मिळतं) हे विचारायचं: मेंबर नसलेल्याला कुठल्या वारी, किती वाजल्यानंतर खेळता येतं, सोमवारी मेंटेनन्ससाठी बंद असतं का, बऱ्याच ठिकाणी असतं. त्या आठवड्यात टूर्नामेंट किंवा कंपनीचा इव्हेंट आहे का. आणि एक प्रश्न असा आहे की तो विचारलात तर पलीकडचा माणूस सरळ बसेल, "ग्रीन्सचं एअरेशन कधी करणार आहात?" ग्रीन म्हणजे जिथे होल असतं तो गुळगुळीत भाग, तिथे मुळांना हवा मिळावी म्हणून मशीनने बारीक बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. गवतासाठी हे गरजेचंच आहे, पण त्यानंतर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, बॉल उड्या मारत जातो आणि पटिंगची, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलण्याची, सगळी मजा जाते. गोल्फवाल्याला साधं जेवण चालतं, पण ट्रिपच्या दिवशी वाळू टाकलेली ग्रीन्स मिळाली तर तो तोंडावर काही बोलणार नाही आणि आतून हिरमुसेल.

आता मिस्टरांबद्दल थोडी माहिती काढायला लागेल, आणि ती त्यांना न कळता काढता येते. सगळ्यात आधी हँडिकॅप. हँडिकॅप म्हणजे साधारण पारच्या वर किती शॉट लागतात त्याचा हिशोब, १८ हँडिकॅपचा माणूस पार ७२ च्या कोर्सवर चांगल्या दिवशी नव्वदच्या आसपास येतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली आहे, कमाल आकडा ५४. काही कोर्सेस हँडिकॅपचं सर्टिफिकेट मागतात, परदेशात तर जास्तच, आणि कोर्स कुठलं निवडायचं तेही यावर ठरतं. दुसरं, त्यांचं कुठल्या क्लबचं मेंबरशिप आहे का. शिपवरच्या माणसांनी कधीकाळी मुंबईत किंवा कोचीत घेतलेलं असतं आणि घरी कोणाच्या लक्षात नसतं. मोठ्या क्लबांचं आपापसात अफिलिएशन असतं, त्यात त्यांचा क्लब बसला तर जिथे बाहेरच्याला प्रवेशच नाही अशा ठिकाणीही खेळता येतं आणि ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायची फी, सुद्धा कमी लागते. तिसरं, गुडघे. अठरा होल चालत म्हणजे सात-आठ किलोमीटर सहज होतात, साडेचार तास. ते बेळगावला चालत खेळतात की कार्ट घेतात हे माहीत असायला हवं. आणि ते डावखुरे असतील तर भाड्याच्या किटचा विचारच सोडून द्या, डावखुऱ्यांचे क्लब्स भाड्याने मिळायची मारामार असते.

हे सगळं कोणाला विचारायचं? त्यांच्याबरोबर बेळगावला कोण जातं त्याला. आणि इथेच मी माझं खरं मत सांगतो, त्या मित्राला नुसतं विचारू नका, त्याला ट्रिपमध्येच घ्या, तो आणि त्याची बायको स्वतःच्या खर्चाने येतील. गोल्फ चार जणांचा खेळ आहे. एकटा माणूस गेला तर स्टार्टर (कोर्सवर खेळ सुरू करून देणारा माणूस) त्याला कुठल्या तरी तीन अनोळखी माणसांत घालतो, कधी ती माणसं चांगली निघतात, कधी साडेचार तास कोणी एक शब्द बोलत नाही. साठाव्या वाढदिवसाला माणसाला आपला पार्टनर समोर हवा असतो, ज्याच्याशी दहा रुपयांची पैज लावून तो वर्षानुवर्षं भांडतोय. चौघांची फोरबॉल झाली तर सोन्याहून पिवळं, पण निदान एक तरी ओळखीचा हवाच. आणि तुम्हालाही सकाळी बोलायला कोणीतरी मिळेल, कारण गोल्फवाला साडेसहाला बाहेर पडला की बारा-साडेबाराशिवाय परत येत नाही, हे आधीच मनात धरून चला म्हणजे वाद होत नाहीत.

कुठे जायचं. तुमच्या बजेटला आणि डिसेंबरला माझं पहिलं नाव बंगळूर. मोपा किंवा दाबोळीहून थेट फ्लाइट, सव्वा तासाचा प्रवास, हवा थंड, आणि एका शहराच्या आसपास इतकी अठरा होलची कोर्सेस दक्षिणेत दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातही तुमच्यासाठी नंदी हिल्सच्या बाजूचं प्रेस्टिज गोल्फशायर, पी. बी. डाय यांनी डिझाइन केलेलं, शेजारीच जेडब्ल्यू मॅरियट आहे, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे विमानतळाच्याच बाजूला असल्यामुळे बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागत नाही. ट्रॅफिकमध्ये दोन तास बसून आलेल्या माणसाचा पहिला ड्राइव्ह कुठे जातो ते मी पुष्कळदा बघितलंय. कोर्स अवघड आहे हां, पाणी भरपूर, बंकर (वाळूचे खड्डे) खोल, त्यामुळे मिस्टरांचा हँडिकॅप वीसच्या वर असेल तर त्यांच्या मित्राला सांगून ठेवा की पुढच्या टीवरून खेळायचं, नाहीतर बॉल पाण्यात घालवण्यातच दिवस जाईल. हॉटेलात राहणाऱ्याला कुठल्या वेळा मिळतात आणि ग्रीन फी रूममध्ये धरलीय की वेगळी, हे लेखी घ्या.

दुसरा राउंड म्हैसूर रस्त्यावर बिडदीचं ईगलटन. तिथेच राहायची सोय आहे, कोर्स जुनं आणि मोठ्या झाडांचं, आणि चिक्करंगप्पा हा आपला प्रो खेळाडू त्याच कोर्सच्या शेजारच्या गावातला, तिथेच खेळ शिकून वर आला. तिथल्या कॅडीला (खेळाडूची बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याला) विचारलं तर तो अभिमानाने सांगतो. तिथून पुढे म्हैसूर, जयचामराज वोडेयार गोल्फ क्लब, रेसकोर्सला लागून, समोर चामुंडी टेकडी, आणि तुम्हाला पॅलेस, देवराजा मार्केट, सिल्क. माझ्या मते हा सगळ्यात समतोल प्लॅन आहे, पाच रात्री, तीन राउंड, एक दिवस मोकळा. बंगळूर शहरातलं बंगळूर गोल्फ क्लब १८७६ चं आहे आणि केजीए (कर्नाटक गोल्फ असोसिएशन) तर व्यावसायिक स्पर्धांचं कोर्स, दोन्ही खेळायला मिळाली तर उत्तमच, पण मेंबरची ओळख किंवा अफिलिएशन लागतं, म्हणून वर म्हटलं तसं मेंबरशिपचं कार्ड कपाटात शोधा.

पुणे जवळ वाटतं, आणि बावधनचं ऑक्सफर्ड डोंगरउताराचं अठरा होलचं चांगलं कोर्स आहे, तिथे राहताही येतं, फक्त चढउतार बराच, त्यामुळे कार्ट घ्याच. पुण्यात नातेवाईक असतील तर मात्र जाऊ नका, दुपारची जेवणं आणि भेटीगाठी यात गोल्फ बाजूला पडतं.

काश्मीर डिसेंबरात नाही. श्रीनगरचं रॉयल स्प्रिंग्स हे दल सरोवराच्या बाजूचं, रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी केलेलं, देशातल्या देखण्या कोर्सपैकी एक, पण ते मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी.

परदेश करायचाच असेल तर श्रीलंका. कोलंबोचं रॉयल कोलंबो गोल्फ क्लब १८७९ चं, आणि कोर्समधून चक्क रेल्वेचा रूळ जातो, गाडी आली की खेळ थांबवून उभं राहायचं. मग कँडीजवळ धरणाच्या पाण्याकाठी व्हिक्टोरिया, आणि वर चहाच्या मळ्यांत नुवारा एलिया, तिथे उंचीवर हवा विरळ असते त्यामुळे बॉल नेहमीपेक्षा लांब जातो आणि साठीतला माणूस एकदम खूश होतो. डिसेंबर शेवट ते मार्च तिथला चांगला काळ. बजेट थोडं ताणेल पण बसू शकेल. थायलंडमध्ये हुआ हिन हे गोल्फचंच गाव, तिथलं रॉयल हुआ हिन १९२४ चं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, जवळपास सगळीकडे कॅडी घ्यावाच लागतो. पण पहिल्याच गोल्फ ट्रिपला बँकॉकला उतरून पुढे तीन तासांचा रस्ता, मला तुमच्या बाबतीत नको वाटतं. स्कॉटलंडचं स्वप्न प्रत्येक गोल्फवाल्याचं असतं, सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स, पण तिथे रविवारी खेळ बंद आणि वेळ बऱ्याचदा लॉटरीने मिळते. ते त्यांना स्वतः ठरवू दे, ते ठरवण्यातच वर्षभराचा आनंद आहे.

किती राउंड? पाच रात्रींत तीन, बस. नवीन प्लॅन करणारे उत्साहात रोज अठरा, एखाद्या दिवशी छत्तीस असं भरून टाकतात, आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरते. पहिल्या दिवशी पोहोचल्यावर फक्त ड्राइव्हिंग रेंज (सरावाचं मैदान) आणि पटिंग ग्रीन, मग दोन दिवस ओळीने राउंड, मग एक दिवस सुट्टी तुमच्या हिशोबाने, मग शेवटचा राउंड. ज्या दिवशी परतीचं विमान आहे त्या दिवशी राउंड ठेवूच नका, पुढचे लोक हळू खेळले तर कोणी काही करू शकत नाही आणि सोळाव्या होलवर घड्याळ बघत खेळणं म्हणजे शिक्षा.

पैशाचा हिशोब करताना ग्रीन फी एवढाच खर्च धरू नका. वीकएंडचा दर वेगळा, मधल्या वारी बराच कमी, त्यामुळे मंगळवार ते शुक्रवार बसवता आलं तर बघा, कोर्सही रिकामं मिळतं. त्यावर जीएसटी, कार्ट, कॅडी फी, रेंजचे बॉल, आणि कॅडीची टिप वेगळी, रोख. टिपमध्ये हात आखडू नका. नवीन कोर्सवर चांगला कॅडी मिळणं म्हणजे निम्मा खेळ, बॉल कुठे वळणार, वारा खरा किती, कुठल्या बंकरपासून लांब राहायचं हे त्याला पाठ असतं. बुकिंग करतानाच सांगा की साठ वर्षांचे पाहुणे पहिल्यांदा येतायत, जुना अनुभवी कॅडी द्या, बहुतेक कॅडीमास्तर अशी विनंती मनावर घेतात.

किट विमानातून नेणं हा स्वतंत्र विषय आहे. क्लब्स केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इनच करायचे. डोमेस्टिकला साधारण पंधरा किलोची मर्यादा, आणि किट, कव्हर, बूट, बॉल मिळून तेवढं किंवा जास्तच भरतं, मग कपडे कुठे? म्हणून एअरलाइनकडे जादा वजन किंवा स्पोर्ट्स इक्विपमेंट आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं. ट्रॅव्हल कव्हर त्यांच्याकडे नसेल (बेळगावला गाडीच्या डिकीत टाकून जात असतील तर नसणारच) तर तेच तुमचं अर्धं गिफ्ट, चांगल्या पॅडिंगचं, चाकांचं घ्या. ड्रायव्हरचं डोकं निघत असेल तर काढून मोज्यात गुंडाळून मध्ये ठेवायचं, क्लब्सच्या डोक्यांभोवती टॉवेल आणि टी-शर्ट कोंबायचे. कपड्यांत कॉलरचे टी-शर्ट हवेत, गोल गळा, जीन्स, कार्गो शॉर्ट्स बहुतेक क्लबांत चालत नाहीत, आणि हे क्लबहाउसमध्ये जेवायला येणाऱ्या पाहुण्यांनाही लागू असतं, म्हणजे चपलांचं तुम्हीही बघा.

तारखांचं सांगतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळा देश गोव्यात यायला निघतो, त्यामुळे नाताळाच्या आधी गोव्याहून बाहेर जाणारी तिकिटं सहसा त्या मानाने बरी मिळतात, पण परतीचं तिकीट त्याच गर्दीबरोबर येतं, तिथे खिसा फाटतो. त्यामुळे वाढदिवस विसाव्या तारखेच्या आत असेल तर तेव्हाच जाऊन या, नसेल तर सरळ जानेवारीचा दुसरा आठवडा धरा, बंगळूर-म्हैसूरला तेव्हाही हवा मस्त असते. प्रवास वाढदिवसाच्या नंतर झाला तरी यात काही कमीपणा नाही.

आणि सरप्राइज किती ठेवायचं? शेवटच्या क्षणापर्यंत गुपित ठेवून थेट विमानतळावर नेऊ नका, माझं कळकळीचं सांगणं आहे. गोल्फवाल्याला ट्रिपच्या आधी महिनाभर तयारी करायची असते, ग्रिप बदलायची असते, वेज (जवळचे शॉट मारायचा क्लब) घासायचा असतो, कोर्सचा नकाशा बघून सातव्या होलवर काय मारायचं ते रात्री झोपताना ठरवायचं असतं. हा महिनासुद्धा त्या गिफ्टचाच भाग आहे, तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका. जाण्याच्या निदान चार आठवडे आधी द्या, पाकिटात कन्फर्म झालेल्या टी टाइमचा कागद, दोन्ही-तिन्ही कोर्सची कोरी स्कोअरकार्डं (ईमेल केलात तर क्लबवाले फोटो किंवा पीडीएफ पाठवतात, प्रिंट काढा) आणि मित्राचं नाव. एका राउंडची जागा मात्र मुद्दाम रिकामी ठेवा, "हा तिसरा कुठे खेळायचा ते तुम्ही ठरवा" असं सांगा. जे काही बुक कराल ते तारीख बदलता येईल असं करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण पाठ, ताप, पाहुणे, काहीही निघू शकतं.

आता लगेच करायचं काम एवढंच, बेळगावला बरोबर जाणाऱ्या मित्राला फोन करा, हँडिकॅप आणि क्लबचं विचारा, आणि त्याला डिसेंबर-जानेवारीत कुठले सहा दिवस जमतात ते लिहून घ्या. ते कळलं की इथे सांगा, गोल्फशायर आणि ईगलटनला कुठल्या वारी काय मिळू शकेल ते मी बघून कळवतो.